‘पुनर्वर्गीकरण’ : एका शब्दाची चिकित्सा

कांहीं शब्द असे असतात कीं, ते कानावर येतांच त्यांच्या भारदस्तपणानें आपण दबून जातों आणि त्यांचा अर्थ विचारण्याचें धैर्य होत नाहीं. ‘पुनर्वर्गीकरण’ हा शब्द त्यांपैकींच एक होय. गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय-समितीपुढें एक परिपत्रक आलें. त्यांत महत्त्वाचें वाक्य एकच होतें. तें असें कीं, संग्रहांतील सर्व मराठी ग्रंथांचें पुनर्वर्गीकरण करण्यांत यावें. समितींत आम्ही पांच जण होतों. पांचांनींही माना डोलावल्या. चहा झाला, सभा संपली, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रंथपालबाई आमच्या खोलींत येऊन विचारत्या झाल्या, “सर, म्हणजे नक्की करायचें काय? पुस्तकांना नवे क्रमांक द्यायचे, कपाटें हलवायचीं, कीं कोणतें पुस्तक काय आहे हें पुन्हा ठरवायचें?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, हें येथें मोकळेपणानें सांगणें भाग आहे. ज्या शब्दाला मान डोलावून संमति दिली त्याचा अर्थच आपणांस ठाऊक नाहीं, ही गोष्ट भाषा शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास थोडी लाजिरवाणीच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

प्रथम शब्दाची घडण पाहूं. ‘वर्ग’ हा शब्द आपल्याकडे फार जुना. लहानपणीं आपण पाटीवर जीं व्यंजनें गिरविलीं तीं कवर्ग, चवर्ग अशा पांच वर्गांतून आपल्यापुढें आलीं. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ या उच्चारस्थानांवरून पंचवीस व्यंजनांची केलेली ही विभागणी इतकी नेटकी आहे कीं, ती कोणीं तरी केलेली आहे हें ध्यानांतच येत नाहीं. ती वर्णांबरोबरच जन्मास आली असावी, असें वाटतें. परंतु ‘वर्गीकरण’ या शब्दांतील दीर्घ ईकार वेगळीच साक्ष देतो. संस्कृत व्याकरणांत ज्यास ‘च्वि’ प्रत्यय म्हणतात त्याची ही खूण. वार्तिककारांनीं या प्रत्ययास ‘अभूततद्भाव’ अशी अट घातली आहे. म्हणजे जें मुळांत तसें नव्हतें तें तसें झालें किंवा केलें, एवढ्याच अर्थीं तो योजावयाचा. जें शुभ्र नव्हतें तें शुभ्र करणें तें शुक्लीकरण. याच न्यायानें, ज्या वस्तूंचा वर्ग नव्हता त्यांचा वर्ग करणें तें वर्गीकरण. वर्ग वस्तूंत पडलेला नसतो; करणारा तो करतो. आमच्या मतें या शब्दाचें सर्व मर्म या एका ईकारांत आहे, आणि शब्दाचा उपयोग करणारे जो भाग नेमका विसरतात तोही हाच.

जातां जातां लेखनाविषयीं एक तक्रार. हा शब्द छापील नमुन्यांतून व फलकांवरून पुष्कळदां ‘पुर्नवर्गीकरण’ असा लिहिलेला आढळतो. व वरचा रफार एक घर अलीकडे सरकून न च्या डोक्यावर बसतो. ‘पुनर्विचारा’चीही हीच दुर्दशा आहे. ज्या शब्दाचें कामच वस्तु योग्य जागीं बसविणें हें, त्यांतलें एक अक्षर स्वतःच भलत्या जागीं जाऊन बसावें, याचें आम्हांस हंसूंही येतें आणि वाईटही वाटतें. असो.

वर्ग करणारा कोणत्या दृष्टीनें करतो यावर सर्व अवलंबून असतें, याचें एक उत्तम उदाहरण ‘अमरकोशां’त आहे. आमच्या पिढींतील अनेकांच्या आजोबांनीं तो पाठ केला असेल. परंतु पाठ करणारास त्यांतील वर्गांचें नवल सहसा वाटत नसे. अमरसिंहानें सिंह, वाघ, रानडुक्कर यांना सिंहादिवर्गांत घातलें. मग हत्ती व घोडे कोठें आहेत? तर ते क्षत्रियवर्गांत. गाईबैल वैश्यवर्गांत. आणि कुत्रा, शिकारीच्या ओघानें, शूद्रवर्गांत. आजच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा घोटाळा वाटेल. पण तो घोटाळा नव्हे. अमरसिंहानें येथें जनावर पाहिलें नाहीं, जनावराचा धनी पाहिला. घोडा हा कोणत्या प्रकारचा प्राणी, हा त्याचा प्रश्नच नव्हता. घोडा कोणाच्या दारीं बांधलेला असतो, हा होता. त्याच्या समाजव्यवस्थेंत मनुष्यांची उतरंड आधीं ठरली होती व प्राणी त्या उतरंडींत मागाहून बसविले गेले. वर्ग पाहिले म्हणजे वस्तूंपेक्षां वर्ग करणाराचीच ओळख अधिक पटते, ती अशी.

आतां ‘पुनर्’ या उपसर्गाकडे वळूं. पुन्हा वर्ग करणें म्हणजे काय, हें कळण्यास त्याच्या शेजारचे शब्द निराळे काढले पाहिजेत, कारण आज तीन-चार निरनिराळ्या क्रिया या एकाच शब्दाच्या पोटांत कोंबल्या जात आहेत. घरांतील बाई तांदूळ निवडते, तेव्हां खडा कोणता व दाणा कोणता हें तिला आधींच ठाऊक असतें. ती फक्त वेगळे करते. ही निवड झाली. फळीवरचे डबे काढून, पुसून, दुसऱ्या क्रमानें लावले, तर ती फेरमांडणी. डब्यावरची जुनी चिठ्ठी काढून नवी डकविली व आंत तेंच पीठ राहूं दिलें, तर तें नामांतर. यांपैकीं एकाही क्रियेंत ‘हें काय आहे?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाहीं. आणि तो विचारल्यावांचून पुनर्वर्गीकरण होत नाहीं.

प्रतवारीची गोष्ट याहून नाजूक आहे. वर्ग म्हणजे प्रकार, प्रत म्हणजे दर्जा. प्रकार शेजारीं शेजारीं असतात, प्रती एकीवर एक. मराठी मनुष्यास प्रतवारीचा खरा परिचय झाला तो शाळेंत नव्हे, शेतांत. इ. स. १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं जमीनपाहणीची जी पद्धति घातली, तींत मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या होत्या. चुनखडी, रेताडपणा, उतार असा एखादा दोष आढळला कीं जमीन एक पायरी खालीं उतरे. प्रत्येक प्रतीची किंमत आण्यांत लावलेली. सोळा आणे म्हणजे उत्तम. त्यावरून बसविलेला सारा तीस वर्षें कायम राही. मुदत संपली कीं फेरपाहणी आणि नवा आकार. त्या वेळीं शेतकऱ्याच्या मनांत जो प्रश्न उभा राही तो आमच्या विषयाचा गाभाच होय : माझी जमीन बदलली, कीं सरकारचा दर बदलला? माती तीच, खोली तीच, आणि आकडा मात्र वाढलेला. १८७५ सालीं सुप्याहून दंग्यांस सुरुवात झाली, त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतपत्रांवर होता हें खरें. तथापि वाढलेल्या साऱ्याचा त्यांत वांटा किती, यावर त्या काळीं पुष्कळ वाद झाला. दर वाढवून त्यास प्रतीचें नांव देणें, किंवा प्रत बदलून त्यास वर्गाचें नांव देणें, ही केवळ शब्दांची ढिलाई नाहीं. तिचे पैसे कोणास तरी मोजावे लागतात. आजही सातबाराच्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन असे शब्द येतात. तेथें ‘वर्ग’ म्हणजे जमिनीचा प्रकार नव्हे, ती परवानगीवांचून विकण्याचा हक्क आहे कीं नाहीं, एवढेंच. ज्यांस हें ठाऊक नसतें ते वकिलाकडे जाऊन शिकतात.

खरें पुनर्वर्गीकरण कसें असतें तें पाहण्यास आकाशाकडे पाहावें. १ जानेवारी १८०१ रोजीं पियाझ्झी या ज्योतिर्विदास सेरेस नांवाची एक ज्योति दिसली व ती ग्रहांत जमा झाली. जवळजवळ अर्धें शतक ती ग्रह म्हणून नांदली. पुढें तिच्याच आसपास तिच्यासारख्या लहान लहान अनेक ज्योती सांपडूं लागल्या, तेव्हां तिला ग्रहांतून काढून लघुग्रहांत घातलें. २००६ सालच्या ऑगस्टांत प्राग येथें आंतरराष्ट्रीय खगोलसंघानें ग्रहाची नवी व्याख्या केली. तेव्हां १९३० पासून नववा ग्रह म्हणून मिरविणारा प्लूटो पदच्युत होऊन बटुग्रह झाला, याचा गवगवा सर्व जगभर झाला; त्याच ठरावानें सेरेस मात्र लघुग्रहांतून वर येऊन त्याच्या पंक्तीस बसली, याची फारशी कोणीं दखल घेतली नाहीं. दोनशें वर्षांत तिचे तीन वर्ग झाले आणि ती स्वतः तिळभर बदलली नाहीं. बदललें तें आपलें ज्ञान आणि त्याबरोबर आपली कसोटी. प्लूटोविषयीं मात्र शाळकरी मुलांपासून थोरांपर्यंत सर्वांस हळहळ वाटली. त्या हळहळींत एक खोल गैरसमज आहे. वर्ग बदलला म्हणजे मान गेला, असें आपण धरून चालतों. म्हणजे वर्गाला प्रत समजतों.

जुने वर्ग भाषेंत किती चिवटपणें टिकून राहतात हेंही पाहण्यासारखें आहे. स्वीडनच्या लिनिअसनें १७५८ सालच्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत ‘व्हेल’ या जलचरास माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसविलें. तें पिलांस दूध पाजतें, फुप्फुसांनीं श्वास घेतें, हीं कारणें भक्कम होतीं. तरीही १८१८ सालीं न्यूयॉर्क येथें एक खटला उभा राहिला : माशाच्या तेलाच्या तपासणीचा जो कायदा, तो व्हेलच्या तेलास लागू आहे कीं नाहीं? शास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या, दोन्ही पक्षांनीं पांडित्य पाजळलें, आणि शेवटीं पंचांनीं निर्णय दिला कीं, हें तेल माशाचेंच. आपण त्या पंचांस हंसूं नये. कायद्याची दृष्टि बाजारावर होती, शरीररचनेवर नव्हती. अमरसिंहाच्या घोड्यासारखेंच तें. शिवाय आपली मराठी तरी निराळें काय करते? ती त्या प्राण्यास आजही ‘देवमासा’ म्हणते. शाळेंतील गुरुजी सांगतात, “देवमासा हा मासा नव्हे”, आणि मुलें हें विलक्षण वाक्य निमूटपणें वहींत उतरून घेतात.

कसोटीच सरकली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या भाषेपुरतें ताजें आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशीं पाली, प्राकृत, आसामी व बंगाली यांसही तो मिळाला. आम्हांस आनंद झाला, तो आम्ही लपवीत नाहीं. परंतु २००४ सालीं तमिळास हा मान प्रथम मिळाला तेव्हां वाङ्मयाच्या प्राचीनतेची अट एक हजार वर्षांची होती आणि पुढच्याच वर्षीं ती दीड ते दोन हजारांवर नेण्यांत आली, हें ध्यानीं ठेवलें म्हणजे ‘अभिजात’ हा भाषेचा प्रकार कीं तिची प्रत, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. शासनाच्या शब्दांत ‘दर्जा’ आहे, तो निदान प्रामाणिक आहे.

येथवर आल्यावर पुन्हा ग्रंथालयांत शिरतों. आमच्याकडे ड्यूई यांची दशांश पद्धति चालते. तिचा जन्म १८७६ चा, अमेरिकेंतला. तींत धर्माला दोनशेंचा विभाग दिला आहे. पैकीं २२० पासून २८० पर्यंतचीं घरें बायबल व ख्रिस्ती धर्म यांनीं व्यापिलेलीं, आणि जगांतील इतर सर्व धर्मांना मिळून २९० हें एक घर. साहित्यांतही तेंच. इंग्रजीस प्रशस्त दालन, आणि ‘इतर’ भाषांच्या ८९० च्या चाळींत आपलें मराठी साहित्य ८९१.४६ या खोलींत बिऱ्हाड करून राहतें. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनीं १९३३ सालीं आपली द्विबिंदु पद्धति प्रसिद्ध केली, तिच्या मुळाशीं असल्या अडचणींचा अनुभव होता. तयार घरांत पुस्तक कोंबण्यापेक्षां पुस्तकाच्या निरनिराळ्या अंगांवरून त्याचा क्रमांक बांधावा, हा त्यांचा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. पण पद्धति कोणतीही घ्या, फळीवर पुस्तकाला जागा एकच मिळते. ग्रंथपालबाईंचा पहिला पेंच हाच होता : “ज्ञानेश्वरी धर्मांत ठेवूं कीं साहित्यांत?” गीतेवरील टीका म्हणून ती २९४ च्या घरांत जाते, काव्य म्हणून ८९१.४६ मध्यें. ज्ञानदेवांस हा भेद सांगितला असता तर त्यांस तो कळलाही नसता. आम्हीं ती साहित्यांत ठेवावयास सांगितली; समितींतील एका सहकाऱ्यास तें अजून रुचलेलें नाहीं.

बखरींचें प्रकरण याहून बोधक. सभासदानें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली ती घडलेली हकीकत म्हणून. पानिपतावरची ‘भाऊसाहेबांची बखर’ही वाचणारांनीं इतिहास म्हणूनच वाचली. मग १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेंत अस्सल पत्रांशीं ताडून बखरींच्या चुका उघड्या केल्या. इतिहासाच्या फळीवरून बखर खालीं आली. परंतु ती रद्दींत गेली नाहीं. पुढील पिढीच्या टीकाकारांनीं तिला गद्याचा एक अस्सल मराठी प्रकार म्हणून उचलून साहित्याच्या फळीवर ठेवली, आणि तिची भाषा, तिचें निवेदन, तिचा आवेश यांचें सौंदर्य प्रथमच स्वतंत्रपणें दिसूं लागलें. इतिहासाच्या कसोटीवर जी हिणकस ठरली तीच वाङ्मयाच्या कसोटीवर बावनकशी निघाली. यांत ग्रंथ तेच, अक्षरें तींच. पुनर्वर्गीकरणानें वाचणाराचे डोळे कसे उघडतात, याचें याहून चांगलें उदाहरण मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं. यांत एक तोटाही झाला. साहित्य म्हणून बखर वाचणारा ‘हें खरें घडलें काय?’ असें विचारीनासा झाला, आणि ज्यांनीं बखर लिहिली त्यांना तर तोच प्रश्न महत्त्वाचा होता.

वस्तूंच्या व ग्रंथांच्या बाबतींत चुकीचा वर्ग लागला तर फार तर पुस्तक सांपडत नाहीं. मनुष्यांच्या बाबतींत तसें नाहीं. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढली. कित्येक भटक्या जमाती त्यानें एका वर्गांत घातल्या आणि त्या वर्गास ‘गुन्हेगार’ हें नांव दिलें. मूल जन्मास येई तेंच त्या वर्गांत. हजेऱ्या द्याव्या लागत, परगांवीं जाण्यास परवाना लागे, सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. च्वि प्रत्ययाचा ‘अभूततद्भाव’ येथें किती भयंकर रूप घेतो पाहा : जो गुन्हेगार नव्हता तो गुन्हेगार केला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला व त्या जमातींस ‘विमुक्त’ म्हणूं लागले. शब्द सदिच्छेनें योजिला आहे यांत शंका नाहीं. परंतु विमुक्त म्हणजे सोडलेला. कशांतून सोडलेला, हें आठवल्यावांचून त्याचा अर्थच लागत नाहीं. देवमाशांत मासा राहिला तशी या शब्दांत ती जुनी बेडी राहिली आहे. आणि पुढें याद्या झाल्या त्यांचीही गंमत अशी कीं, बंजारा समाज महाराष्ट्रांत विमुक्त जातींत, कर्नाटकांत अनुसूचित जातींत आणि तेलंगणांत अनुसूचित जमातींत मोडतो. सोलापूरचा मनुष्य आणि त्याचा विजापूरचा मेहुणा यांच्यामध्यें राज्याची सीमा आली एवढ्यानें दोघांचे वर्ग निराळे.

या पार्श्वभूमीवर मराठींतील तीन आत्मकथनांचीं नांवें आम्हीं ग्रंथपालबाईंस एका कागदावर लिहून दाखविलीं : दया पवार यांचें ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ (१९८७). आत्मचरित्राला मनुष्य सामान्यतः आपल्या आवडीचें नांव देतो. येथें तिन्ही नांवें अशीं आहेत कीं, तीं लेखकानें स्वतःस दिलेलीं नाहींत; गांवानें, समाजानें किंवा पोलिसांच्या दप्तरानें ज्या वर्गांत त्यास व त्याच्या माणसांस टाकलें, त्या वर्गाचें नांवच त्यानें उचलून ग्रंथाच्या कपाळीं लाविलें. वर्ग करणारा आजवर बाहेरचा होता. आतां वर्गांत घातलेला मनुष्य तो शब्द हातांत घेऊन त्याच्याकडे उलटून पाहतो. हीं पुस्तकें आमच्या ग्रंथालयांत आजवर ‘समाजशास्त्र’ या फळीवर होतीं. त्यांतील दारिद्र्याची, तुडवल्या गेलेल्या जगण्याची माहिती उपयुक्त, म्हणून तीं तेथें ठेवलीं असें जुन्या नोंदींवरून दिसतें. हेतु वाईट नसेल. पण सरदार-सावकारांचीं आत्मचरित्रें साहित्यांत, आणि ‘उचल्या’ मात्र माहितीचें साधन, ही विभागणी त्या पहिल्या विभागणीचीच सावली नव्हे काय? ज्यास आपण लेखक म्हणून वाचीत नाहीं, त्यास आपण नमुना म्हणून वाचतों. एका सहकाऱ्यानें आक्षेप घेतला कीं, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस तीं मग सांपडणार कशीं? आक्षेप रास्त होता. संगणकाच्या सूचींत एका पुस्तकास हवे तितके विषय जोडतां येतात, तसे ते जोडले. फळी मात्र साहित्याची.

आमचें खरें भांडण मूळ परिपत्रकांतील क्रियापदाशीं आहे. ‘पुनर्वर्गीकरण करण्यांत यावें’, ‘करण्यांत आलें आहे’. कोणीं केलें? कोणत्या कसोटीनें? जुनी कसोटी कां टाकली? या प्रयोगांत कर्ता कोठेंच नाहीं, जणूं वस्तु रात्रींतून आपण होऊनच दुसऱ्या वर्गांत जाऊन निजल्या. शब्द वाईट नाहीं. संस्कृत घडणीचा, रेखीव आणि गरजेचा शब्द आहे. त्याऐवजीं ‘फेरवर्गवारी’ म्हटलें तरी चालेल, घरगुती बोलण्यांत तें अधिक शोभेलही. पण कर्ता सांगितल्यावांचून दोन्ही सारखेच फसवे.

ग्रंथपालबाईंस आम्हीं हें सर्व सांगितलें, तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं एक जाड वही आणून दाखविली. तींत पुस्तकाच्या नांवापुढें चार रकाने आंखले आहेत : जुना वर्ग, नवा वर्ग, कोणीं बदलला, कां बदलला. ‘उचल्या’पुढें चारही रकाने भरलेले आहेत. ‘ज्ञानेश्वरी’पुढें तिसऱ्या रकान्यांत आमचें नांव आहे आणि चौथा त्यांनीं मोकळा ठेवला आहे.